सांकवाळचे वीजकेंद्र आणि सज्जतेची किंमत

झुआरीनगर-सांकवाळच्या औद्योगिक पट्ट्यात ४८ मेगावॅट क्षमतेचे एक वीजकेंद्र १९९९ साली सुरू झाले. राज्य सरकारशी त्याचा पंधरा वर्षांचा वीज खरेदी करार होता. ऑगस्ट २०१४ मध्ये तो संपला, तेव्हापासून गोव्याच्या वीजचर्चेत या केंद्राचे नाव प्रामुख्याने न्यायालयीन निकालांच्या निमित्ताने येते. थकबाकीच्या वादात लवादाने २०१८ साली केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या बाजूने सुमारे २७८ कोटी रुपयांचा निवाडा दिला, उच्च न्यायालयाने त्याचा काही भाग रद्द केला आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. वर्तमानपत्रांतून आलेली ही रक्कम वाचून बहुतेकांनी ‘महागड्या विजेचा सौदा अंगलट आला’ एवढाच निष्कर्ष काढला. मला त्या निष्कर्षाविषयी तक्रार नाही, पण तो अपुरा वाटतो. महाग इंधनावर चालणारे लहान केंद्र रोजच्या विजेसाठी ठेवायचे की अडीनडीसाठी, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवल्याशिवाय त्याच्या प्रत्येक युनिटचा दर कोळशाच्या विजेशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नसतो. गोव्यात ही तुलना वर्षानुवर्षे झाली, पण अडीनडीच्या सज्जतेची किंमत किती, हा प्रश्न कोणी नीट मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गोव्याची परिस्थिती इतर राज्यांपेक्षा वेगळी आहे. येथे कोळशाची खाण नाही, मोठे जलविद्युत केंद्र नाही आणि वीज खाते हे महामंडळ न होता आजही थेट सरकारचा विभाग आहे. पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस मोजक्या शहरांत डिझेलच्या जनित्रांवर दिवे लागत. मुक्तीनंतर खाते स्थापन झाले आणि शेजारच्या राज्यांतून तारा आल्या. आज आपली बहुतेक वीज कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा शेकडो किलोमीटर दूरच्या केंद्रीय प्रकल्पांतील वाट्यातून येते. ती सह्याद्री ओलांडते ती ४०० आणि २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून. एक वाट महाराष्ट्राच्या बाजूने उत्तर गोव्यात उतरते, दुसरी कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्याकडे येते. पुढे थिवी, फोंडा आणि शेल्डे येथील मोठी उपकेंद्रे ती राज्यभर वाटतात. म्हणजे विजेच्या बाबतीत आपण घाटावर अवलंबून आहोत, आणि घाटात जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय परिस्थिती असते ते वेगळे सांगायला नको.

अशा राज्यात किनाऱ्यालगत, बंदराजवळ, स्वतःचे एक केंद्र असावे ही कल्पना नव्वदच्या दशकात अगदी स्वाभाविक होती. त्या काळात केंद्र सरकारनेही द्रव इंधनावर चालणाऱ्या केंद्रांना उत्तेजन दिले होते, कारण ती दोन-अडीच वर्षांत उभी राहतात आणि त्यांना कोळशाच्या रेल्वेगाड्यांची वाट पाहावी लागत नाही. सांकवाळला नाफ्ता, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे हलके द्रव इंधन, वापरण्याची सोयही होती. शेजारचा खत कारखाना तोच कच्चा माल वापरत असे आणि मुरगाव बंदरातून तो आणण्याची व्यवस्था तयार होती. हिशेब कोलमडला तो किमतीमुळे. नाफ्त्याचा दर खनिज तेलाच्या मागे धावतो आणि जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले होते. संयुक्त चक्राच्या (गॅस आणि वाफ अशी दोन टर्बाइने जोडलेल्या) लहान केंद्रात एका युनिटमागे साधारण २०० ग्रॅम नाफ्ता जळतो. टनाला ५०,००० रुपये दर धरला तर नुसते इंधनच युनिटमागे दहा रुपयांच्या आसपास जाते. पुढे दाभोळ-बेंगळूरु वायुवाहिनीची शाखा गोव्यात आली आणि त्या पट्ट्यातील कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले, पण आयात केलेला द्रवीभूत वायूही काही स्वस्त नव्हता.

येथे यंत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण राखीव केंद्र म्हणजे गरज पडली की बटण दाबून सुरू करायचा पंखा, असा समज सर्रास आढळतो.

संयुक्त चक्राच्या केंद्रात दोन यंत्रे असतात. पहिले गॅस टर्बाइन, जे विमानाच्या इंजिनाच्याच तत्त्वावर चालते: हवा दाबायची, तीत इंधन जाळायचे आणि प्रसरण पावणाऱ्या तप्त वायूने पाती फिरवायची. त्यातून बाहेर पडणारा धूर पाचशे अंशांहून अधिक गरम असतो. तो वाया न घालवता त्यावर बॉयलर तापवून वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरते. साधारण दोन तृतीयांश वीज पहिल्या यंत्राची आणि एक तृतीयांश दुसऱ्याची असते. गॅस टर्बाइन थंड अवस्थेतून अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भारावर येऊ शकते. वाफेच्या बाजूला मात्र तास लागतात, कारण जाड भिंतींचे ड्रम आणि टर्बाइनचे कवच हळूहळूच तापवावे लागतात, नाहीतर धातूला तडे जातात. म्हणून अडचणीच्या पहिल्या तासाभरात ४८ मेगावॅटचे केंद्र प्रत्यक्षात बत्तीस-तेहतीस मेगावॅटचेच असते, आणि तेही युनिटमागे दीडपट इंधन खाऊन.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, ज्यांना आळीतले सगळेच भाई म्हणतात. त्यांनी आखातात आणि नंतर भारतात मिळून जवळजवळ सारी नोकरी गॅस टर्बाइनच्या नियंत्रण कक्षात काढली. नाफ्त्यावरचे यंत्र नाफ्त्यावर कधीच सुरू करत नाहीत, हे मला त्यांच्याकडून कळले. ते डिझेलवर पेटवतात, वेग आणि भार स्थिर झाला की नाफ्त्यावर नेतात आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणतात, जेणेकरून नळ्यांत आणि फवाऱ्यांत नाफ्ता उरू नये. नाफ्त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खालच्या खळग्यांत, केबलच्या चरांत साठते आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहत बसते. शिवाय नाफ्त्याला वंगण असे जवळजवळ नसतेच, त्यामुळे पंपांची झीज वेगळीच सांभाळावी लागते. भाई हे सांगताना हाताने नळीचा चढउतार दाखवत होते आणि कुठल्या व्हॉल्व्हनंतर कुठला व्हॉल्व्ह, ते निवृत्तीनंतरही त्यांच्या बोटांना पाठ होते.

“भाई, चार वर्षे बंद असलेले यंत्र उद्या लागले तर चालेल का?” मी विचारले.

“चालेल,” ते म्हणाले, “पण उद्या नाही.”

मग त्यांनी कारणे सांगितली. तापलेले यंत्र बंद केल्यावर त्याचा कित्येक टनांचा रोटर, म्हणजे फिरणारा दांडा, लगेच स्थिर ठेवता येत नाही. वरची बाजू गरम आणि खालची थंड राहिली तर तो केसभर वाकतो, आणि केसभर वाकलेला रोटर मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर नेला तर बेअरिंगे फुटतात. म्हणून यंत्र निवेपर्यंत एक लहान मोटर त्याला संथपणे फिरवत ठेवते आणि तेवढा वेळ वंगण तेलाचा पंप चालू राहतो. पुढे यंत्र महिनोन्महिने पडून असले तरी ठरावीक दिवशी रोटर फिरवावा लागतो. बॉयलरच्या नळ्यांत पाणी तसेच राहिले तर आतून गंज चढतो, म्हणून त्या कोरड्या करून त्यात नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरतात. बॅटऱ्यांची तपासणी, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची चाचणी, साठवलेल्या डिझेलच्या तळाशी जमणारे पाणी आणि त्यात वाढणारी बुरशी, हे सारे केंद्र बंद असतानाच करायचे असते. झुवारीच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या दमट हवेत तर ते दुप्पट चिकाटीने करावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही कामे जाणणारी माणसे पगारावर ठेवावी लागतात. भाईंच्या मते यंत्रापेक्षा माणसे लवकर गंजतात. या मतात थोडी अतिशयोक्ती असेल, पण पाच वर्षे ज्याने प्रत्यक्ष सुरुवात केलेली नाही असा ऑपरेटर मध्यरात्री, अंधारात, सगळे भोंगे वाजत असताना शांत डोक्याने ते करील, यावर मीही पैज लावणार नाही.

अंधारातल्या सुरुवातीचा मुद्दा फार थोड्यांच्या लक्षात येतो. वीजकेंद्र सुरू करायलाही वीज लागते. हा रोटर फिरवणारी मोटर, तेलाचे पंप, थंडाव्याचे पाणी, नियंत्रण यंत्रणा हे सारे एरवी बाहेरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातल्या विजेवर चालते. जाळेच बसले तर केंद्रही निपचित पडते, जोवर त्याच्याजवळ स्वतःचा पुरेसा मोठा डिझेल सेट आणि भरलेल्या बॅटऱ्या नसतात. ही सोय केली तरी पुढचे काम अवघडच असते. एकटे पडलेले लहान केंद्र पन्नास हर्ट्झवर स्थिर ठेवायचे तर जितकी वीज तयार होते तितकीच, त्याच क्षणी, वापरली गेली पाहिजे. तीस मेगावॅटच्या यंत्रावर दहा मेगावॅटचा फीडर, म्हणजे एखाद्या भागाला वीज नेणारी वाहिनी, एकदम जोडला तर वारंवारता धाडकन घसरते आणि संरक्षण यंत्रणा पुन्हा सगळे तोडते. म्हणून दोन-तीन मेगावॅटच्या तुकड्यांनी भार जोडत जायचा, आधी रुग्णालये, पाणीपुरवठ्याचे पंप, विमानतळ, आणि नंतर इतर. यासाठी कुठल्या उपकेंद्रातला कुठला ब्रेकर कोणाच्या सांगण्यावरून कधी टाकायचा, हे आधी लिहून ठेवलेले आणि सरावाने घोटलेले असावे लागते. तसे नसेल तर आगीचा बंब दारात आहे पण पाण्याचा नळ कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशी अवस्था होते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत जे घडले ते याच कारणाने अभ्यासण्यासारखे आहे. बाहेरचे जाळे बिघडले तर शहर वेगळे काढून आतल्या केंद्रांवर चालू ठेवायचे, ही मुंबईची योजना १९८१ पासूनची आणि देशभर नावाजलेली. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शहर वेगळे तर झाले, पण आत चालू असलेली निर्मिती मागणीला पुरली नाही आणि असे वेगळे काढलेले ते विजेचे ‘बेट’ही बुडाले. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. स्वस्त वीज बाहेरून मिळत असताना आतली महाग यंत्रे चालवायची कशाला, हा रोजचा हिशेब एरवी बरोबरच असतो. त्या एका सकाळी मात्र त्याची दुसरी बाजू दिसली.

आता पैशाचा हिशेब. वीज खरेदीच्या करारात दोन आकार असतात: केंद्र उपलब्ध ठेवल्याबद्दलचा स्थिर आकार आणि जळालेल्या इंधनाचा आकार. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक आकडा घेऊ. ४८ मेगावॅटच्या केंद्राचा स्थिर आकार वर्षाला २४ कोटी रुपये आहे असे समजा. ते वर्षात ८,००० तास चालले तर ३८ कोटींहून अधिक युनिट तयार होतील आणि स्थिर आकार युनिटमागे बासष्ट-त्रेसष्ट पैसे पडेल. तेच केंद्र १०० तासच चालले तर ४८ लाख युनिट होतील आणि युनिटमागे ५० रुपये पडतील, इंधन वेगळे. पन्नास रुपयांचा आकडा विधानसभेत कोणी वाचून दाखवला तर गदारोळ होणारच. पण त्या आकड्यात चूक काहीच नाही, भागाकार तेवढा चुकीच्या संख्येने केलेला आहे. राखीव केंद्राचा खर्च तयार झालेल्या युनिटांवर वाटण्याऐवजी वर्षभर सज्ज ठेवलेल्या मेगावॅटवर वाटला पाहिजे, आणि मग ती सज्जता आपल्याला त्या किमतीला हवी आहे का, हे विचारले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून अशा सज्जतेचा स्वतंत्र लिलाव होतो. आपल्याकडेही केंद्रीय नियामक आयोगाने राखीव क्षमतेच्या सेवांसाठी वेगळे नियम केले आहेत, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने विद्युत कायद्याच्या ११ व्या कलमाखाली देशभरातील वायूवरच्या केंद्रांना मे-जूनसाठी तयार राहण्याचे आदेश दिले होते.

उलट बाजू केरळात पाहायला मिळते. कायंकुळम येथील सुमारे ३६० मेगावॅटचे नाफ्ता केंद्र आपल्या सांकवाळच्याच पिढीचे. इंधन महाग झाल्याने ते वर्षानुवर्षे जवळजवळ बंद राहिले आणि वीज मंडळ मात्र स्थिर आकार भरत राहिले. रोजच्या विजेच्या करारात अडकलेले केंद्र राखीव म्हणून वापरायचे तर असा भुर्दंड बसतो. आता त्याच केंद्राच्या जलाशयावर ९२ मेगावॅटचे तरंगते सौर पॅनेल बसले आहेत.

मग गोव्याने करार वाढवायला हवा होता का? जुन्या अटींवर मुळीच नाही. रोज चालवण्यासाठी ठरवलेल्या दरात ते केंद्र आपल्याला परवडणारे नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. शिवाय एक गोष्ट राखीव केंद्राचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात. गोव्यात वीज जाते ती बहुतेक वेळा निर्मिती कमी पडली म्हणून नाही. पहिल्या पावसात माडाची झावळी तारेवर पडते, काजूची फांदी मोडते, जुना इन्सुलेटर फुटतो, भूमिगत केबल कोणीतरी जेसीबीने तोडते, ट्रान्सफॉर्मर जळतो. पेडण्यात तार तुटलेली असताना सांकवाळमध्ये चारशे मेगावॅट जरी तयार होत असले तरी पेडण्यात अंधारच राहील. लायनमन भर पावसात खांबावर चढतो तेव्हाच वीज येते. चवथीच्या दिवसांत तर हे सर्वांना नव्याने कळते. या नेहमीच्या त्रासावर राखीव केंद्र हा उपाय नाही, आणि तसा तो आहे असे सांगून कोणी करार मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

राखीव केंद्राचा उपयोग त्या क्वचित दिवसासाठी आहे, ज्या दिवशी घाटावरून येणाऱ्या वाटा एकाच वेळी बंद पडतील. राज्याची कमाल मागणी आता सहाशे मेगावॅटच्या पुढे गेलेली असल्यामुळे ४८ मेगावॅट म्हणजे तिचा दहावा हिस्साही नव्हे. पण बांबोळीचे रुग्णालय, जिल्हा रुग्णालये, ओपा आणि साळावलीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्प, विमानतळ, बंदर आणि दूरसंचार यांपुरते पाहिले तर तो आकडा अगदीच लहान राहत नाही.

हे ओझे आज कोण वाहते, तेही पाहायला हवे. कळंगुटपासून काणकोणपर्यंतची हॉटेले, पणजी-मडगावच्या गृहसंकुलांची तळघरे, वेर्ण्याचे औषध कारखाने, खासगी रुग्णालये, थंडगार मासळी साठवणारी गोदामे, या सर्वांकडे स्वतःचे डिझेल सेट आहेत. मोठ्या सेटलाही एका युनिटला पाव लिटरहून अधिक डिझेल लागते. म्हणजे सध्याच्या दराने पंचवीस रुपयांच्या आसपास नुसते इंधन, आणि त्यावर दुरुस्ती, धूर, आवाज. आमच्या इमारतीच्या सभेत या सेटच्या देखभालीचा वार्षिक करार कधीच वादाचा विषय होत नाही. लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालला पाहिजे, एवढ्यावर सगळे गप्प बसतात. त्याच सभेतले लोक वीजदरात दहा पैसे वाढले की तावातावाने बोलतात. जीवाश्म इंधनावरचे राखीव केंद्र गोव्याने सोडले असे म्हणणे म्हणूनच खरे नाही. ते सांकवाळहून हलून हजारो तळघरांत विखुरले, त्याचा एकत्रित खर्च कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही, आणि ज्याच्याकडे सेट नाही त्याच्या घरात मेणबत्ती लागते. शिवाय हे हजारो सेट मिळूनही जाळे पुन्हा उभे करू शकत नाहीत. प्रत्येक सेट आपल्या भिंतीपुरता असतो.

पुढची वाट कोणती, याबद्दल माझे मत असे आहे की नवे नाफ्ता किंवा वायूचे केंद्र उभारण्याची वेळ गेली. ४०० केव्हीची नवी वाहिनी कर्नाटकातून शेल्ड्यापर्यंत आणण्याच्या प्रकल्पावर मोलेच्या जंगलामुळे तीव्र विरोध झाला, आणि वीजवाहिन्यांच्या आधीच तोडलेल्या पट्ट्यातूनच ती नेण्याची शिफारस २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती सक्षम समितीने केली. ती वाट पूर्ण झाली तर एकाच वेळी सगळे बंद पडण्याची शक्यता कमी होईल, पण शून्य होणार नाही, कारण तीही घाटातूनच येणार आहे. अडीनडीच्या पहिल्या दोन-चार तासांसाठी आता उपकेंद्रालगत मोठ्या बॅटऱ्या ठेवता येतात. त्या सेकंदाच्या आत प्रतिसाद देतात, अंधारातून सुरुवात करू शकतात आणि एरवीच्या दिवशी दुपारची सौर वीज संध्याकाळी परत देऊन आपला खर्च काही अंशी भागवतात. बंद टर्बाइनला हे जमत नाही. तथापि घाटातला मनोरा कोसळला आणि दुरुस्तीला तीन दिवस लागले, तर चार तासांची बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळी उपयोगाची नसते. तेथे इंधनाची टाकीच कामाला येते. आमोण्याच्या लोहप्रकल्पात वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज तयार होते. असे कारखान्यांतले स्रोत, काही मोठे डिझेल सेट आणि बॅटऱ्या यांची एकत्र योजना करून उत्तर व दक्षिण गोव्यासाठी एकेक लहान बेट आखणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

संयुक्त विद्युत नियामक आयोग वीज खात्याच्या दरप्रस्तावावर सुनावणी घेतो आणि तेथे कोणाही ग्राहकाला लेखी म्हणणे मांडता येते. पुढच्या सुनावणीसाठी मी ते लिहायला घेतले आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही बाजूंच्या मुख्य वाहिन्या एकाच वेळी गेल्या तर राज्यातील कोणते भार किती वेळात आणि कोणत्या स्रोतावरून सुरू होतील, त्याचा शेवटचा प्रत्यक्ष सराव कधी झाला, आणि या सज्जतेसाठी वर्षाला प्रति मेगावॅट किती खर्च धरला आहे, एवढेच त्यात विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेगावॅटमध्ये आणि मिनिटांत द्यावे, अशी विनंतीही जोडली आहे.